बाजेवर ताणलेला अंतरपाट

यंदा थंडीनं बराच वेळ घेतला. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी घरातले पंखे गरगरतच होते. मग परवा पहाटे दार उघडून अंगणात पाय ठेवला आणि फरशीनं तळव्याला असा काही झटका दिला, की मी जागच्या जागी थांबून चक्क हसले. "आलीस का बाई," म्हटलं. लोक थंडीला नावं ठेवतात. गुडघे धरतात, ओठ फुटतात, पाणी तापता तापत नाही. मी मात्र तिच्याबद्दल कुणाला एक शब्द वाकडा बोलू देत नाही. त्या वर्षी ती कडाक्याची पडली म्हणून माझ्या पल्लवीच्या लग्नातला अंतरपाट चमकला. ही गोष्ट मी आल्या-गेल्याला सांगते. आमचे हे लगेच म्हणतात, "झालं हिचं सुरू." होऊ दे की सुरू! सांगण्यासारखं काही हातून घडलंय, ते काय ट्रंकेत घालून ठेवू?

जाफराबादला आमचं घर रस्त्यालगत आहे. खिडकीपाशी माझं शिलाई मशीन. मी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते आणि खिडकीतून जगाची चौकशी करते. या दिवसांत रस्त्यानं कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे जात असतात, वरून ताडपत्री बांधलेल्या, तरी दोन्ही बाजूंनी पांढरे पुंजके सांडत. ते बाभळीला अडकतात, तारेला अडकतात, पोरींच्या वेण्यांना अडकतात. शेजारच्या घरात तुरीच्या शेंगा उकडत असतात, त्याचा मीठ-हळदीचा वास येतो. दुपारी कुणीतरी हुरड्याचं बोलावणं घेऊन येतं. कापूस इतका डोळ्यांसमोरून जातो, की आपण त्याच्याकडे बघायचंच विसरतो. गाठी बांधून तो निघून जातो आणि पुढं कधीतरी कुणाच्या तरी दुकानातून घडी घातलेलं, लेबल लावलेलं कापड होऊन परत येतो. तेव्हा आपणच हात लावून म्हणतो, काय चमक आहे हो! ती चमक कुठं चढली, कुणी चढवली, हे विचारायचं मला तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

माझं माहेर मागावरचं. आबा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर विणत राहिले. पंचे, धोतरं, जाडीभरडी लुगडी. मला भाऊ नाही, त्यामुळं आई गेल्यावर आबा आमच्याकडेच राहायला आले आणि येताना दोनच वस्तू घेऊन आले. एक त्यांची बाज. दुसरं, माग उतरवण्याआधी त्यांनी विणलेलं शेवटचं कापड. पांढरं, दोन्ही काठांना बोटभर तांबडी किनार, उंच माणसाच्याही डोक्यावरून जाईल इतकं लांब. "हे कशाला हो?" मी विचारलं होतं. म्हणाले, "पल्लवीच्या लग्नात अंतरपाट धरू." तेव्हा पल्लवी शाळेत होती. कापड माझ्या ट्रंकेत गेलं आणि आबांच्या डोळ्यांमागचा पडदा हळूहळू निकामी होत गेला. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनचा उपयोग नाही. आता त्यांना माणूस आवाजावरून कळतो आणि रंग बिलकुल कळत नाही. उजेड तेवढा कळतो.

पल्लवी शिकली. कापडाचाच डिप्लोमा केला आणि एका मिलच्या प्रयोगशाळेत लागली. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. माग गेला तरी सूत घरातून गेलं नाही, असं मी बायकांना सांगायचे. त्या बिचाऱ्या ब्लाऊजचं माप देता देता ऐकून घ्यायच्या.

मग मंठ्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. सुपारी फोडायला त्यांच्याकडची माणसं आली. मुलाचे चुलते कापड दुकानदार. स्वभावानं मोकळा माणूस, हसणारा, हसवणारा. त्यांनी पिशवीतून एक अंतरपाट काढला. लालभडक सॅटिन, कडेला सोनेरी गोंडे, मधोमध स्वस्तिक आणि खाली दोघांची नावं छापलेली. सगळे वा वा करायला लागले. तेवढ्यात आबांनी मला खूण केली आणि मी ट्रंकेतून त्यांचं कापड आणलं. इतकी वर्षं पडून ते मळकट झालेलं, जाड, निस्तेज, जागोजाग सुताच्या गाठी. आबांनी मांडीवर घेऊन ते उलगडलं.

"आम्ही घरचं काढून ठेवलंय," आबा म्हणाले.

चुलत्यांनी टोक चिमटीत धरलं आणि म्हणाले, "बाबा, हे अंतरपाट हाय का ताक गाळायचं फडकं?"

खोली हसली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आजही कबूल आहे. पण आबाही हसले. ते हसले, कापडाची घडी घातली आणि स्वतःच्या मांडीखाली सारली. त्या हसण्यानं माझ्या काळजात अशी कळ उठली, की हातातला चहाचा ट्रे मी तसाच आत नेऊन ठेवला.

पाहुणे गेल्यावर पल्लवी आबांपुढं बसली. "आबा, आपलाच धरायचा."

"नगं बाई. त्यांचं शोभून दिसतंय. आपलं आता जुनं झालं."

"मी त्याला चमक आणते."

"कापसाला कुठली आली चमक? रेशीम हाय का ते?"

"आमच्या मिलमध्ये आणतात की. मजबूतही होतं."

आबांनी मांडीखालचं कापड काढून चाचपलं. मग म्हणाले, "तुझ्या लग्नाचं हाय. तूच ठरव. पण पोरी, दुसरं न्हाई हां. माग गेला, आता नजरबी गेली. हे बिघडलं तर बिघडलं."

आबांनी उभ्या जन्मात विणलेल्या हजार कापडांपैकी उरलेलं एवढं एक. ते जर हातचं गेलं, तर लग्नात सॅटिन झळकणार आणि आबा पुन्हा तसंच हसणार. ते दुसऱ्यांदा बघायची माझी तयारी नव्हती.

पल्लवीनं आम्हाला समजावून सांगितलं. कापसाचा तंतू म्हणजे वाळून पिळलेली शेंग. चपटा, वाकडातिकडा. त्यावर उजेड पडला तरी इकडंतिकडं सांडून जातो. कॉस्टिक सोड्याच्या कडक पाण्यात तोच तंतू फुगतो, गोल होतो. त्या वेळी कापड ताणून धरलं तर तंतू सरळ होतो, अंगावर उजेड घेतो आणि आधीपेक्षा मजबूत होतो. ढिलं सोडलं तर आकसून बसतो. मिलमध्ये हे सगळं भल्यामोठ्या यंत्रांवर होतं, चिमट्यांच्या साखळ्या कापडाला दोन्ही काठांनी ओढत नेतात. घरी कुणी केलेलं तिनं बघितलं नव्हतं. आणि पाणी गार हवं, चांगलं गार. "आई, देवानं थंडी बराबर वेळेवर पाठवली बघ," ती म्हणाली.

आमच्याकडे तेव्हा जो हंगाम चालला, तसा हंगाम मी पुन्हा पाहिला नाही. लग्नघर म्हटलं की हळद, पापड, पत्रिका. आमच्या अंगणात मात्र सोडा, प्लास्टिकचे टब, पिवळे रबरी हातमोजे आणि ह्यांचे वेल्डिंगचे गॉगल. ह्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, गेट आणि खिडक्या बनवतात. ते गॉगल लावून मी आणि पल्लवी अंगणात उभ्या राहिलो, की रस्त्यावरची माणसं सायकल थांबवून बघायची. एकीनं तर विचारलं, "काय गं, ग्रहण हाय का आज?"

पहिल्याच दिवशी मी सोडा कालवायला जर्मनचं पातेलं आणलं. घरात सगळ्यात मोठं तेच. पल्लवी किंचाळली, "आई, जर्मन नको, सोडा ॲल्युमिनियम खाऊन टाकतो!" तिनं मला चिमूटभर टाकून दाखवलं. पातेल्याच्या बुडाशी असं फसफसायला लागलं, की मी चार पावलं मागं. तेव्हापासून मी त्या सोड्याशी अदबीनंच वागले. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा, कधीही उलटं नाही. कालवताना टब इतका तापायचा, की कडाक्याच्या संध्याकाळी त्यातून वाफा निघायच्या. मग तो झाकून, वर पाटा ठेवून उघड्यावर सोडायचा. रात्रभर थंडी त्याच्यावर आपलं काम करायची आणि पहाटे तो विहिरीच्या तळासारखा गार झालेला असायचा.

आबांच्या कापडाला लगेच हात लावायचा नव्हता. मी बाजारातून तसलंच जाडसर सुती कापड आणलं आणि त्याचे रुमालाएवढे तुकडे केले. पहिला तुकडा आम्ही नुसता बुडवला, कारण मला वाटलं, बघू तर खरं. बघता बघता तो असा आकसला, की पोळीचा पापड व्हावा. जाड, आखडलेला, आणि चमक म्हणाल तर नावाला नाही.

"बघितलं? ढिलं सोडलं की असं होतं," पल्लवी म्हणाली.

मग ताणायचं कसं? ह्यांनी लगेच छातीवर हात ठेवला. "चौकट ना? ती माझ्यावर सोड." दुसऱ्या दिवशी दुकानातून लोखंडी अँगलची चौकट करून आणली, चारी बाजूंनी हूक. जालन्याकडच्या माणसाला कुठलीही अडचण सांगा, तो लोखंडच घेऊन येणार. स्वभाव आहे तो आमच्या मातीचा, मी काय बोलणार? चौकट मजबूत होती, त्यात खोट नाही. तुकडा छान ताणला, सोडा लावला, धुतला, आणि उन्हाला धरला तर खरंच, अगदी खरंच, अंगावर मंद तेज! मी तर टाळ्याच वाजवल्या. आता उरलेला सोडा मारायला लिंबाचं पाणी. ह्यांनी विचारलं, "मोसंबी चालंल का? घरात पोतंभर हाय." पल्लवी हसून हसून बेजार. लिंबाचं पाणी घातलं आणि तुकडा चौकटीवरच वाळत ठेवला. दुपारी बघितलं तर हुकाजवळ चारी बाजूंनी गंजाचे पिवळे डाग. सोड्यात गप्प बसलेलं लोखंड आंबटात बोललं होतं. ह्यांचा चेहरा इतका पडला, की मी त्यांना त्या दिवशी दोन वेळा चहा दिला.

लग्न जवळ येत होतं. मंठ्याहून फोन आला, अंतरपाट आम्हीच आणतो, तुम्ही धावपळ करू नका. मी म्हटलं, बघू. फोन ठेवला आणि दाराबाहेर नजर गेली. आबा उन्हात त्यांच्या बाजेवर बसले होते. जुनी लाकडी बाज, सुतळीनं विणलेली. बाज सैल पडली की आपण काय करतो? पायथ्याची दोरी ओढून घेतो. एकेक फास आवळत गेलं की बाज पुन्हा ढोलासारखी ताठ. लहानपणापासून दर महिन्याला मी ते काम केलेलं. मी बाहेर गेले आणि म्हटलं, "आबा, उठा जरा. तुमची बाज पाहिजे."

"का गं? मेलो का मी?"

"तुमचा अंतरपाट बसवायचाय तिच्यावर."

सुतळी उसवून बाज रिकामी केली. लाकडी चौकट, माणूस झोपेल एवढी, आणि कापडही तेवढंच. आता काम माझं होतं आणि ते मी केलं, हे मी ठासून सांगते. कापडाला चारी बाजूंनी जाड पट्टी शिवली, आबांच्या विणीला भोक पडू नये म्हणून. पट्टीला जवळजवळ काजं केली आणि नायलॉनची दोरी त्यातून आणि बाजेच्या लाकडावरून ओवत गेले. सुतळी सोड्यात टिकली नसती. कापड आधीच उकळून, सुताची खळ आणि कापसाचं अंगचं मेण काढून मऊ केलेलं. आम्ही तिघांनी मिळून दोरी आवळली. आबा पायथ्याशी बसून हातानं चाचपत सांगत होते, "हिकडं ढिलं हाय. अजून ओढ."

त्या पहाटे इतकी थंडी होती, की तोंडातून वाफ निघत होती. खाली ताडपत्री, वर बाज, बाजेवर कापड. पल्लवीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग तिनं मगानं गार सोडा ओतला आणि आम्ही नायलॉनच्या ब्रशांनी तो पसरवत गेलो. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग बाज करकरली. कापड आत ओढायला लागलं, चारी बाजूंनी, जणू त्याच्यात जीव आला होता. दोऱ्या तुणतुण्याच्या तारेसारख्या ताठ झाल्या. एका कोपऱ्यात काज ओढलं गेलं आणि माझ्या तोंडून "अगं आई!" निघालं.

"धरा! सोडू नका!" पल्लवी ओरडली.

ह्यांनी तो कोपरा हातमोज्यातल्या मुठीत धरला आणि पाय बाजेला लावून मागं रेलले. मी पट्टी दाबून धरली. ते कापड आम्हाला ओढत होतं आणि आम्ही त्याला. आबांना आम्ही लांब बसवलं होतं, सोडा उडेल म्हणून. ते तिथूनच विचारत होते, "फाटलं का? सांगा जल्दी. फाटलं का?"

"न्हाई आबा. धरलंय," मी म्हटलं.

मग पाणी. घागरींवर घागरी, मोटार चालू करून नळीनं, पुन्हा पाणी. बोटांना लागणारा साबणासारखा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. मग लिंबू, मग परत पाणी. हातमोज्यांतही बोटं बधिर झाली. ऊन वर आलं तसं बाजेवरच कापड वाळत गेलं आणि दोऱ्या हळूहळू शांत झाल्या. आम्ही तिघंही पायरीवर बसलो होतो, नुसतं बघत. कडेची तांबडी किनार जरा गडद झाली होती. मधलं पांढरं अंग, काय सांगू तुम्हाला, रेशमासारखं लखलखीत नव्हतं. सायीवर ऊन पडल्यावर दिसतं तसं होतं. आतून आल्यासारखं. पल्लवी रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय गं, पाठवणी अजून लांब आहे," आणि मीही रडले.

दोऱ्या सोडून, पट्टी उसवून, घरात आणून कापड आबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. कपाळाला आठ्या.

"हे कुनाचं हाय?"

"तुमचंच, आबा."

"मला फशिवता का? दुकानातून आणलं तुमी. माझं असं गुळगुळीत न्हाई." मग बोटं कडेला गेली, किनारीवर थांबली, मागं-पुढं झाली. "किनार माझी हाय," ते हळूच म्हणाले. "अंग कुनाचं हाय?"

"अंगबी तुमचंच," पल्लवी म्हणाली. "नुसती अंघोळ घातली त्याला."

आबांनी ते नाकाला लावलं, गालाला लावलं. टोक दोन्ही मुठींत धरून जोरात हिसडलं, विणकर हिसडतात तसं. कापड कुरकुरलंसुद्धा नाही. पण चमक? ते दाराकडे तोंड करून धरत होते, वर करत होते, खाली करत होते. घरात उजेड कमी. "तुमी म्हणता तर असंल," म्हणाले आणि नीट घडी घालून उशाशी ठेवलं. माझा अभिमान त्या दिवशी अर्धाच राहिला, खरं सांगते.

आता ही थंडी पडली की कुणी ना कुणी तो अंतरपाट मागायला येतं. घनसावंगीला गेला, देऊळगावकडे गेला, इथल्या गल्लीत तर किती लग्नांत उभा राहिला. आमच्या शेजारच्या रेहानाबी एकदा हात लावून म्हणाल्या, "भाबी, इसकू कपास कौन बोलेगा?" धुतला तरी तेज गेलं नाही, ओढून फाटला नाही. मी देताना एवढंच सांगते, घट्ट पिळायचा नाही. आणि हो, कुणी बनवला ते सांगून मगच देते. बाज आबांना परत विणून दिली आहे. आत्ताही ते तिच्यावर उन्हाला पाठ करून बसलेत आणि मी इकडे मशीनवर बसून तुम्हाला हे सगळं सांगून राहिलेय.

पण त्या लग्नाचं सांगायचं राहिलं. मुहूर्त गोरज होता. मंडप मोकळ्या मैदानात, पश्चिमेची बाजू उघडी. मंठ्याच्या चुलत्यांनी सॅटिन आणलंच होतं, हातावर घडी घेऊन उभे होते. मी काही न बोलता आमचा उलगडला. त्यांनी चिमटीत धरला, अंगठ्यानं चोळला, उलटा करून बघितला. दुकानदाराची बोटं, ती खोटं बोलत नाहीत. "कुठला माल हा?" त्यांनी विचारलं. "आमचा," मी म्हटलं. त्यांनी सॅटिनची घडी बायकोच्या पिशवीत घातली आणि स्वतःच सगळ्यांना म्हणाले, "सरका, सरका, अंतरपाट येऊ द्या."

मामा म्हणून धरायला मला भाऊ नाही. एक टोक मुलाच्या मामांनी धरलं आणि दुसरं आबांनी. पाटावर पल्लवी, पलीकडे नवरदेव, मध्ये आबांचं कापड. मंगलाष्टकं सुरू झाली. मी आबांच्या शेजारी उभी होते, त्यांचा तोल जाऊ नये म्हणून. ते मान खाली घालून उभे होते, ऐकत. तेवढ्यात सूर्य मंडपाच्या कडेखाली उतरला आणि उजेड आडवा येऊन थेट अंतरपाटावर पडला. सगळं कापड एकदम उजळलं. बायकांच्या बाजूनं "अगं बाई" असा आवाज आला. आबांनी मान वर केली. डोळे बारीक केले, मग मोठे केले.

शेवटचं सावधान झालं. अक्षता पडल्या, ताशा कडाडला, मुलाच्या मामांनी टोक सोडायला घेतलं. आबांनी सोडलं नाही. गुरुजी म्हणाले, "आजोबा, झालं, घ्या बाजूला." आबा हलले नाहीत. पलीकडून नवरदेव हार हातात घेऊन वाट बघतोय, अलीकडे माझी पोर, आणि वाजंत्री नुसती वाजतेय. मी त्यांच्या कानाशी लागले, "आबा, सोडा आता. लोक थांबलेत."

"थांबू दे," आबा म्हणाले. "बघून राह्यलो मी."